'मॅन' या शब्दात कोण कोण मावते? : एका साध्या इंग्रजी शब्दाचा इतिहास

१/ इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यातच 'मॅन' हा शब्द भेटतो. अर्थ विचारला तर आपण चटकन सांगतो, 'माणूस'. मग स्वतःच दुरुस्ती करतो, 'पुरुष'. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. पण १८६८ साली मँचेस्टर शहरातील पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा मताधिकार नेमका याच प्रश्नावर अडला होता : कायद्यातल्या 'मॅन'चा अर्थ पहिला घ्यायचा की दुसरा? या धाग्यात त्या शब्दाचा प्रवास पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

२/ सुरुवात हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीपासून. त्या प्राचीन इंग्रजीत 'मन्न' म्हणजे मनुष्य; त्यात स्त्रीही येई आणि पुरुषही. पुरुषासाठी 'वेर' हा स्वतंत्र शब्द होता आणि स्त्रीसाठी 'वीफ'. 'वीफ' आणि 'मन्न' जोडून 'वीफमन्न' झाला, आणि तोच झिजत झिजत आजचा 'वुमन' बनला. म्हणजे 'वुमन' हा शब्द पुरुषवाचक 'मॅन'ला शेपूट जोडून तयार झालेला नाही. त्याची घडण थेट आपल्या 'बाईमाणूस'सारखी आहे. पुरुषासाठीही असाच एक जोडशब्द होता, 'वॅपमन्न'. आपला 'गडीमाणूस' म्हणा ना.

३/ या शब्दांचे आपल्याशी नातेही आहे. 'मॅन' आणि संस्कृतातील 'मनु', 'मनुष्य' हे एकाच इंडो-युरोपीय कुळातले मानले जातात. आपला 'माणूस'ही त्याच घरचा. 'वेर' हा लॅटिन 'विर' आणि संस्कृत 'वीर' यांचा भाऊ. आज इंग्रजीत 'वेर' जवळजवळ नामशेष झाला आहे. तो उरला आहे एका भयकथेतल्या प्राण्यात : 'वेअरवुल्फ', म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा पुरुष. त्यातील 'वुल्फ' हा संस्कृत 'वृक' शब्दाचा नातलग. तेव्हा वेअरवुल्फचे नाव अक्षरशः 'वीर-वृक' असे होते.

४/ तेराव्या शतकाच्या सुमारास 'वेर' व्यवहारातून निघून गेला. 'वीफ'चा अर्थ आकसून 'पत्नी' एवढाच राहिला, तोच आजचा 'वाइफ'. जुना अर्थ 'मिडवाइफ'मध्ये, म्हणजे सुईणीच्या नावात, तेवढा शिल्लक आहे : बाळंतपणात स्त्रीच्या सोबत असणारी. पुरुषासाठीची रिकामी झालेली जागा 'मॅन'ने घेतली, पण 'मनुष्य' हा आपला मूळ अर्थही त्याने सोडला नाही. लॅटिनमध्येही 'होमो' म्हणजे मनुष्य आणि 'विर' म्हणजे पुरुष असे दोन शब्द होते. त्यातील 'होमो'पासून फ्रेंच 'ओम' आला आणि तोही मनुष्य व पुरुष अशा दोन्ही गाद्यांवर बसला. संपूर्ण मानवजातीचे नाव आणि तिच्या अर्ध्या भागाचे नाव एकच झाले. पुढचे सारे वाद इथून उगवतात.

५/ वादांकडे वळण्यापूर्वी 'मॅन'च्या भाऊबंदांची ओळख करून घेऊ, कारण त्यांच्यात समाजाचा इतिहास साठलेला आहे. 'फेलो' हा नॉर्स भाषेतून आला; मूळ अर्थ, भागीदारीत पैसा घालणारा. 'चॅप' हा 'चॅपमन'चा, म्हणजे फेरीवाल्या व्यापाऱ्याचा, संक्षेप. 'चर्ल' म्हणजे आज उद्धट माणूस, पण मुळात तो सामान्य स्वतंत्र शेतकरी होता. वरच्या वर्गाच्या तुच्छतेने शब्दाचा अर्थ खाली आणला. 'हजबंड' म्हणजे मुळात घरदार राखणारा. आणि 'गाय' आला गाय फॉक्स या माणसावरून. १६०५ साली इंग्लंडची संसद उडवण्याचा कट फसला, त्याचे पुतळे जाळण्याची प्रथा पडली, पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले, मग गबाळ्या वेषातील कुणालाही, आणि अमेरिकेत अखेर कोणत्याही पुरुषाला.

६/ खुद्द 'मॅन'लाही आणखी अर्थ फुटले. सैन्यात 'ऑफिसर्स अँड मेन' म्हटले की 'मेन' म्हणजे साधे शिपाई. बुद्धिबळाच्या सोंगट्या 'मेन'. क्रियापद म्हणून वापरला तर ठाण्यावर माणसे तैनात करणे. सरंजामी काळात सरदाराचा 'मॅन' म्हणजे त्याचा अंकित; 'ओमाज' हा विधीच मुळी 'मी तुमचा माणूस झालो' असे कबूल करण्याचा होता. 'हा साहेबांचा माणूस' असे आपण आजही म्हणतो, तो हाच अर्थ. एकाच शब्दात स्वाभिमानी मनुष्य आणि दुसऱ्याच्या पदरी असलेला चाकर, असे दोघे राहत होते.

७/ अठराव्या शतकात हा शब्द राजकारणाच्या मध्यभागी आला. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व 'मेन' समान असल्याचे घोषित केले. त्या 'मेन'मध्ये गुलाम नव्हते. मसुदा लिहिणारे टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड यांच्या कारखान्याने एक पदक काढले. त्यावर साखळदंडातील गुडघे टेकलेला गुलाम विचारतो की, मी 'मॅन' नाही का, तुमचा भाऊ नाही का? वसाहतींत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या पुरुषाला केस पिकले तरी 'बॉय' म्हणत. म्हणूनच १९६८ साली मेम्फिस शहरातील संपकरी सफाई कामगारांनी गळ्यात फलक अडकवले, त्यांवर एवढेच होते की मी 'मॅन' आहे. वेजवूडच्या पदकावर जो प्रश्न होता, त्याचे इथे विधान झाले होते. मध्ये १८१ वर्षे गेली होती.

८/ स्त्रियांचे काय? त्याच १७७६ साली न्यू जर्सी राज्याने आपली घटना लिहिली. तिच्यात मतदारासाठी 'मॅन' हा शब्दच नव्हता. 'रहिवासी' असा शब्द होता, अट ५० पौंडांच्या मालमत्तेची. परिणाम असा की, मालमत्ता असलेल्या अविवाहित व विधवा स्त्रिया तिथे खरोखर मतदान करू लागल्या. (विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती बाद.) पुढे तिथल्या निवडणूक कायद्यात 'तो किंवा ती' असे स्पष्ट शब्दही आले. तीस वर्षे हे चालले. मग १८०७ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरता केला. शब्दाने उघडे ठेवलेले दार सत्तेने बंद केले.

९/ १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात 'ओम'चे हक्क होते. ओलांप द गूज या लेखिकेने तो शब्द तपासून पाहिला. १७९१ मध्ये तिने त्याच १७ कलमांचा, त्याच घाटाचा स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. तिचा एक युक्तिवाद फार टोकदार आहे : स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा अधिकार असेल, तर भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी राजकीय लेखनासाठी तिला गिलोटिनवर चढवले. त्या दिवशी कुणीही 'ओम'च्या कायद्यात स्त्री येत नाही, असा मुद्दा काढला नाही.

१०/ इंग्लंडमध्येही हेच दिसते. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी १७९० मध्ये 'मेन'च्या हक्कांच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले आणि १७९२ मध्ये 'वुमन'च्या हक्कांसाठी दुसरे. 'मेन'मध्ये सर्वच आले असते, तर दुसऱ्या पुस्तकाची गरज पडली नसती. मधल्या काळात, १७९१ मध्ये, टॉमस पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. हे पुस्तक पुढे पुण्यात पोहोचले. त्याकडे शेवटी येऊ.

११/ आता सुरुवातीच्या मँचेस्टरकडे. १८३२ च्या इंग्लिश सुधारणा कायद्यात मतदारासाठी 'मेल पर्सन', म्हणजे 'पुरुष व्यक्ती', असा निःसंदिग्ध शब्दप्रयोग होता. मग १८५० मध्ये कायदे आटोपशीर लिहिता यावेत म्हणून एक नियम झाला : कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही समाविष्ट मानाव्यात, मात्र स्पष्टपणे वगळले असेल तर नाही. आणि १८६७ च्या नव्या सुधारणा कायद्यात 'मेल पर्सन'च्या जागी आला केवळ 'मॅन'. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर? करदात्या घरमालक स्त्रियांना मत आहे, असाच सरळ अर्थ निघत होता.

१२/ जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा खासदार होते. त्यांना हा गोंधळ उरायलाच नको होता. २० मे १८६७ रोजी त्यांनी दुरुस्ती मांडली की, विधेयकातील 'मॅन' काढून 'पर्सन' घालावा. एका शब्दाचा बदल. बाजूने ७३ मते पडली, विरोधात १९६. पण दुरुस्ती फेटाळली, म्हणून 'मॅन'चा अर्थ ठरला असे होत नाही. तो प्रश्न तसाच राहिला.

१३/ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत एक गंमत झाली. लिली मॅक्सवेल नावाच्या विधवा दुकानदारीणबाईंचे नाव चुकून मतदार यादीत आले. त्या स्वतः कर भरत होत्या. तेव्हा गुप्त मतदान नव्हते, मत तोंडी जाहीर करावे लागे. बाई केंद्रावर गेल्या आणि त्यांनी मत दिले. यादीत नाव असल्यामुळे अधिकाऱ्याला ते नाकारता आले नाही. मग लिडिया बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून हजारो करदात्या स्त्रियांची नावे यादीसाठी पाठवली.

१४/ नावे नाकारली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले : 'चॉर्लटन विरुद्ध लिंग्ज', १८६८. स्त्रियांच्या बाजूच्या वकिलांत रिचर्ड पँकहर्स्ट होते, पुढे मताधिकार चळवळीच्या नेत्या झालेल्या एमेलिन यांचे पती. १८५० चा नियम समोर होता. न्यायाधीशांनी निर्णय दिला की, इथे 'मॅन' म्हणजे पुरुषच. शतकानुशतकांच्या वहिवाटीने स्त्रिया मतदानास अपात्र आहेत, आणि एवढा मोठा बदल संसदेला करायचा असता तर तिने तो स्पष्ट शब्दांत केला असता. कर वसूल करताना मात्र कोणी वहिवाट तपासत नव्हते. त्या पावत्यांवर स्त्रियांची नावे बिनदिक्कत होती.

१५/ इथे वाटेल की, दोष 'मॅन'चा होता. मिल यांचा 'पर्सन' आला असता तर प्रश्न मिटला असता. 'पर्सन' हा लॅटिन 'पर्सोना'वरून आलेला, मूळ अर्थ नटाचा मुखवटा. त्यात स्त्री-पुरुष काहीच नाही. पण १९१३ मध्ये ग्वेनेथ बेब यांनी सॉलिसिटर होण्यासाठी दावा केला तेव्हा लागू असलेल्या १८४३ च्या कायद्यात 'पर्सन' हाच शब्द होता. तरीही न्यायालयाने ठरवले की, या कायद्यापुरत्या स्त्रिया 'पर्सन' नाहीत, कारण आजवर कोणी स्त्री सॉलिसिटर झालेली नाही.

१६/ हीच ओढाताण भारतातही झाली. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडायला तीस वर्षे गेली, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणेच १९२० मध्ये सुरू केले. इकडे १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी वकिलीच्या सनदेसाठी कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया येतात असा नियम इथल्या कायद्यातही होता. अर्ज फेटाळला गेला.

१७/ १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार दिला. गंमत पाहा, त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांची वकील म्हणून नोंद केली. देश एक, कायद्याची भाषा एक आणि अर्थ दोन. अखेर १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, त्याच्या नावातच 'वुमेन' शब्द होता. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कुणाला वकिलीसाठी अपात्र ठरवता येणार नाही, असे त्याने सांगितले. जे आधीच्या शब्दांत होते असे म्हणता आले असते, ते नव्याने उच्चारावे लागले.

१८/ कॅनडाचा खटला तर 'पर्सन्स केस' याच नावाने ओळखला जातो. सिनेटवर 'पात्र व्यक्ती' नेमाव्यात असे तिथल्या १८६७ च्या मूळ कायद्यात होते. एमिली मर्फी आणि आणखी चार स्त्रियांनी विचारले की, या 'व्यक्तीं'त स्त्रिया येतात का? १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर आले : नाही. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते फिरवले : होय. दरम्यान कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता वाचणाऱ्याचा दृष्टिकोन.

१९/ हे सारे खटले ओळीने मांडले की एक सूत्र दिसते. शब्द संदिग्ध असला, तर कर आणि शिक्षा यांच्या वेळी त्याचा व्यापक अर्थ लागतो. हक्कांच्या वेळी संकुचित. 'मॅन'मध्ये स्त्रिया 'गृहीत' आहेत, असे म्हणणारे खोटे बोलत नव्हते. व्युत्पत्ती त्यांच्याच बाजूने होती. पण गृहीत धरलेल्याला हक्क मागायला दारात उभे राहावे लागते, आणि दार उघडायचे की नाही हे आत बसलेले ठरवतात.

२०/ आता ते पुण्यात पोहोचलेले पुस्तक. जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. पेन यांच्या शीर्षकातला 'मॅन' त्यांनी मराठीत कसा आणला, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मरणोत्तर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात हक्कांविषयी लिहिताना ते नुसते 'मानव' म्हणून थांबत नाहीत, 'स्त्री-पुरुष' अशी जोडी पुन्हा पुन्हा लिहितात. आधुनिक वाचकाला ती पुनरुक्ती वाटेल. मँचेस्टरचा निकाल वाचल्यावर ती सावधगिरी वाटते. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच, 'स्त्री-पुरुष तुलना' म्हणून, ही दोन नावे शेजारी उभी केली होती. त्या निबंधावर टीका झाली, तेव्हा तिची बाजू घेणारेही जोतीरावच.

२१/ शेवटचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता. पहिल्या कलमाची सुरुवात 'ऑल मेन' अशी होती. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता : सुरतेला जन्मलेल्या, मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या, महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. त्यांनी हरकत घेतली : 'मेन' म्हटले तर काही देश स्त्रियांना वगळतील. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना वाटत होते की, इंग्रजीत 'मेन' म्हणजे सर्व माणसे हे समजलेलेच आहे. मेहता हटल्या नाहीत. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा स्वीकारला गेला तेव्हा त्यात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असे शब्द होते.

२२/ 'ह्यूमन' या शब्दात 'मॅन' ऐकू येतो, पण तो तिथे नाही. 'ह्यूमन' लॅटिन 'ह्यूमानुस'वरून आलेला आहे आणि त्याचे नाते माती या अर्थाच्या 'ह्यूमुस'शी जोडले जाते : मातीचा जीव. मेहतांचा आग्रह व्याकरणाचा नव्हता. एलिनॉर यांचा हेतू चांगला होता, यातही शंका नाही. पण कायद्याचा मसुदा लिहिणारे गेले की हेतू त्यांच्याबरोबर जातो, मागे राहतो तो शब्द. तो उद्या कुणाच्या हाती पडेल याचा विचार मेहतांनी केला.

२३/ मराठीचे काय? 'माणूस' एकवचनात पुल्लिंगी, पण 'माणसे' म्हटले की नपुंसकलिंगी होतो. 'ती माणसे' यात बाया-बापे सारेच. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी, तरी पुरुषाला ती लागू पडते आणि कुणा पुरुषाची त्यावर हरकत नसते. म्हणजे व्याकरणाने कुणी वगळले जात नाही आणि व्याकरणाने कुणाला हक्कही मिळत नाहीत. ऐतिहासिक कागद वाचताना 'रयत', 'नागरिक', 'जनता', 'मॅन' असा शब्द आला, की समासात एक प्रश्न लिहून ठेवावा : यात कोण धरले आहे, आणि हे कोणी ठरवले?

२४/ धागा इथे संपतो. तुमच्या भागातल्या बोलीत बाई, पुरुष आणि माणूस यांसाठी कोणते जुने शब्द आहेत? 'बाईमाणूस', 'गडीमाणूस', 'बाप्या' यांच्या पलीकडचे काही असतील तर, गावाच्या नावासह, जरूर लिहा.